लोकरीचे माप कोणाचे? : दख्खनी मेंढीच्या वंशसुधारणेची एक चिकित्सा

गोषवारा

लोकरीच्या गुणांसाठी मेंढ्यांची आनुवंशिक निवड करणे ही शास्त्रीय प्रक्रिया असली, तरी कोणती लोकर 'चांगली' हे शास्त्र ठरवत नाही; ते लोकर वापरणारा ठरवतो. महाराष्ट्रातील दख्खनी मेंढीच्या बाबतीत हे माप प्रथम कापड गिरणीचे होते आणि आता ते मांसबाजाराचे झाले आहे. घोंगडे विणणाऱ्या सणगराच्या आणि ते पांघरणाऱ्या धनगराच्या मापाला पैदाशीच्या चर्चेत क्वचितच स्थान मिळाले. प्रस्तुत लेखात या मापबदलाची चिकित्सा केली असून, पैदाशीच्या धोरणात काळ्या, जाड लोकरीला स्वतंत्र गुण म्हणून जागा द्यावी असे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : दख्खनी मेंढी, आनुवंशिक निवड, संकरीकरण, घोंगडे, निवड निर्देशांक, धनगर समाज.

प्रस्तावना

कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोली येथील श्री विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा आणि खारीक-खोबऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते. ज्या वस्तूला देवापुढे हा मान आहे, त्याच वस्तूला बाजारात आज जवळजवळ किंमत उरलेली नाही. अनेक ठिकाणी लोकरीच्या भावातून कातरणीची मजुरीही निघत नाही. या विसंगतीचे स्पष्टीकरण सामान्यतः दोन प्रकारे दिले जाते. पशुसंवर्धनाच्या बाजूने सांगितले जाते की, दख्खनी मेंढीची लोकर मुळातच निकृष्ट आहे. लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांकडून सांगितले जाते की, आधुनिकीकरणाने एक परंपरा मोडीत काढली. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत असे प्रस्तुत लेखकास वाटते. पहिल्या उत्तरात 'निकृष्ट' हा शब्द कोणत्या मापाने वापरला, हे सांगितलेले नसते. दुसऱ्या उत्तरात परंपरेच्या मुळाशी असलेल्या जैविक वस्तूचा, म्हणजे त्या विशिष्ट लोकरीचा आणि ती अंगावर वागवणाऱ्या मेंढीचा विचारच नसतो.

मराठी वाचकाला धनगरांचे जग परिचित आहे ते प्रामुख्याने व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' (१९५५) मुळे. गुंथर सोन्थायमर यांच्या अभ्यासामुळे बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा या दैवतांचे पशुपालक मूळही चर्चेत आले. मात्र या जगाच्या केंद्रस्थानी असलेल्या मेंढीच्या वंशाचे काय झाले, हा प्रश्न साहित्य, समाजशास्त्र आणि प्राणिशास्त्र या तिन्ही विभागांच्या सीमेवर राहून गेला. बहुविद्याशाखीय नियतकालिकात तो मांडणे त्यामुळे उचित ठरते.

'सुधारणा' या संज्ञेचा इतिहास

पशुपैदाशीच्या परिभाषेत 'सुधारित जात', 'वंशसुधारणा', 'दर्जावाढ' हे शब्द इतके रुळले आहेत की, त्यांना इतिहास आहे याचे भान राहत नाही. लोकरीच्या संदर्भात हा इतिहास स्पेनमधील मेरिनो मेंढीपासून सुरू होतो. अतिशय तलम लोकर देणाऱ्या या मेंढीच्या निर्यातीवर स्पेनने दीर्घकाळ निर्बंध ठेवले होते. १७८६ मध्ये फ्रान्सचा राजा सोळावा लुई याच्या रॅम्बुलेट येथील शेतावर तीनशेहून अधिक मेरिनो मेंढ्या आल्या आणि तेथील निवडीतून रॅम्बुलेट ही जात घडली. अठराव्या शतकाच्या अखेरीस मेरिनो ऑस्ट्रेलियात पोहोचली आणि पुढे इंग्लंडच्या यंत्रमागांना लागणारी लोकर तेथून येऊ लागली.

आनुवंशशास्त्राचा जन्मही या लोकरीपासून फार दूर झालेला नाही, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो हे शहर एकोणिसाव्या शतकात लोकरी कापडाचे मोठे केंद्र होते. तेथे १८१४ मध्ये मेंढीपैदासकारांची संघटना स्थापन झाली. तिच्या वर्तुळातील इम्रे फेस्टेटिक्स यांनी १८१९ मध्ये 'निसर्गाचे आनुवंशिक नियम' अशी शब्दयोजना केली. याच शहरातील मठाचे प्रमुख सिरिल नाप यांनी १८३७ च्या सुमारास, खरा प्रश्न 'काय वारशाने येते आणि कसे येते' हा आहे, असे पैदासकारांपुढे मांडले. ग्रेगर मेंडेल १८४३ मध्ये याच नाप यांच्या मठात दाखल झाला. मेंडेलने वाटाण्यावर प्रयोग केले हे सर्वज्ञात आहे. परंतु ज्या गावात तो प्रश्न घडला, ते गाव लोकरीवर जगत होते.

हा इतिहास येथे देण्याचे प्रयोजन असे की, लोकरीच्या 'सुधारणे'ची कल्पना ज्या परिस्थितीत घडली, तेथे सुधारणा म्हणजे यंत्रावर कातता येणारा, एकसारखा, पांढरा, रंग धरणारा आणि त्वचेला न टोचणारा तंतू, असा अर्थ निश्चित झाला होता. त्या परिस्थितीत तो योग्यच होता. प्रश्न निर्माण होतो तो हा अर्थ परिस्थितीपासून सुटून सार्वत्रिक झाल्यावर.

निवडीचे गणित आणि त्यात दडलेले मूल्य

पैदाशीतील निवडीचे मूलतत्त्व सोपे आहे. एखाद्या गुणातील कळपांतर्गत फरकापैकी जेवढा भाग पुढील पिढीत संक्रमित होतो, त्याला आनुवंशिकता गुणांक म्हणतात. समजा, एका कळपात लोकरीच्या वजनाचा हा गुणांक ०.३ आहे आणि पैदाशीसाठी निवडलेले नर-मादी कळपाच्या सरासरीपेक्षा १०० ग्रॅम अधिक लोकर देतात. अशा वेळी पुढील पिढीची सरासरी सुमारे ३० ग्रॅमने वाढेल, अशी अपेक्षा धरली जाते. लोकरीचे वजन व तंतूची जाडी हे दोन्ही गुण मध्यम ते उच्च आनुवंशिकतेचे मानले जातात. म्हणजेच लोकर ही मेंढीच्या शरीरातील अशी गोष्ट आहे की, जी निवडीने तुलनेने लवकर बदलते. ती लवकर घडवता येते, तशीच लवकर घालवताही येते.

एकाच वेळी अनेक गुणांसाठी निवड करायची असेल, तर काय करावे याचे उत्तर एल. एन. हेझल यांनी १९४३ मध्ये निवड निर्देशांकाच्या रूपाने दिले. प्रत्येक गुणाला त्याच्या आर्थिक मूल्यानुसार भार द्यायचा, गुणांचे परस्परसंबंध विचारात घ्यायचे आणि प्रत्येक जनावराला एकच एकत्रित गुणांक द्यायचा, अशी ही पद्धत आहे. तिची गणिती बाजू निर्दोष आहे. परंतु या सूत्रातील 'आर्थिक मूल्य' हा घटक प्रयोगशाळेतून येत नाही. तो बाजारातून येतो. कोणता बाजार, कोणाचा बाजार आणि कोणत्या वर्षीचा बाजार, हे सूत्र विचारत नाही. एखाद्या गुणाला शून्य भार दिला की, तो गुण निर्देशांकाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. मेंढीच्या अंगावर मात्र तो असतो आणि इतर गुणांसाठी केलेल्या निवडीबरोबर तो नकळत बदलत राहतो. शास्त्राच्या तटस्थ भासणाऱ्या प्रक्रियेत सामाजिक निर्णय शिरतो तो नेमका या ठिकाणी.

दख्खनी मेंढीचे वर्णन : एक वाचन

दख्खनी मेंढी महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणाच्या निमकोरड्या पठारी भागात आढळते. महाराष्ट्रात तिचे लोणंद, संगमनेरी, सोलापुरी अथवा सांगोला आणि कोल्हापुरी असे चार उपप्रकार सांगितले जातात. रंग बहुधा काळा किंवा काळ्यावर पांढरे ठिपके, अंगकाठी मध्यम, दूरवर चालण्याची आणि तुटपुंज्या चाऱ्यावर तग धरण्याची क्षमता मोठी.

पशुविज्ञानाच्या पुस्तकांतील तिचे वर्णन लोकरीपाशी आले की, त्याचा सूर बदलतो. तेथे विशेषणे येतात ती जाडीभरडी, केसाळ, रंगीत, कमी उत्पादनाची अशी. यांतील प्रत्येक विशेषण वस्तुस्थितीला धरून आहे. वर्षाकाठी एका मेंढीपासून साधारण अर्ध्या किलोच्या आसपास लोकर मिळते; मेरिनोपासून त्याच्या कितीतरी पट. मेरिनोचा तंतू साधारणतः २० मायक्रॉनच्या आसपास असतो, तर दख्खनी लोकरीची सरासरी जाडी बहुधा ४० मायक्रॉनच्या पुढे जाते. दख्खनी तंतूंपैकी बऱ्याच तंतूंच्या गाभ्यात पोकळ मज्जा असते. असे तंतू रंग नीट धरत नाहीत आणि गिरणीतील तलम सुतात ते दोष ठरतात. काळा रंग हा तर गिरणीच्या दृष्टीने मोठाच अवगुण, कारण पांढऱ्या लोकरीत थोडे काळे तंतू आले तरी फिकट रंगाचे कापड बिघडते.

ही सर्व मापे खरी आहेत. तथापि ती तुलनेची मापे आहेत आणि तुलनेचा दुसरा घटक प्रत्येक वेळी मेरिनो आहे. हे वर्णन म्हणजे दख्खनी मेंढी काय आहे याचे वर्णन नसून ती काय नाही याचे वर्णन आहे. वर्णनाची हीच पद्धत पुढे धोरण बनते, कारण उणिवांच्या यादीतून निघणारा स्वाभाविक निष्कर्ष म्हणजे उणीव भरून काढण्यासाठी बाहेरचे रक्त आणणे.

घोंगड्याचे माप

आता हीच लोकर दुसऱ्या मापाने पाहू. घोंगड्याची प्रक्रिया अशी : लोकर कातरून धुतली जाते, कमानीने पिंजली जाते, स्त्रिया ती चरख्यावर कातून सूत काढतात, ताण्याला चिंचोक्याची खळ दिली जाते आणि सणगर ते खड्डामागावर विणतो. या वस्त्राकडून असणारी अपेक्षा गिरणीच्या कापडाहून सर्वस्वी वेगळी आहे. पावसात खोळ करून डोक्यावरून घेता आले पाहिजे. ते चिकटून अंगाला बिलगता कामा नये. काटेरी रानात फाटता कामा नये. रात्री वाड्यावर उघड्या जमिनीवर अंथरता आले पाहिजे आणि पहाटेच्या थंडीत पांघरताही आले पाहिजे.

या अपेक्षांना तलम तंतू उपयोगी नाही. जाड तंतू घोंगड्याला ताठपणा आणि दणकटपणा देतो. पोकळ मज्जेत हवा अडकत असल्याने ऊब टिकते. लोकरीतील नैसर्गिक मेण आणि घट्ट वीण यांमुळे पावसाचे पाणी बराच वेळ बाहेरच राहते. शिवाय लोकरीचा तंतू आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ओलावा शोषूनही हाताला ओला लागत नाही. काळा रंग नैसर्गिक असल्याने रंगवण्याचा खर्च नाही आणि तो उन्हापावसात विटण्याची भीतीही कमी. कोकराची पहिली लोकर, जिला जावळ म्हणतात, मऊ असते. तिचे घोंगडे वेगळे विणले जाते आणि त्याला मोलही वेगळे असते. म्हणजेच लोकरीच्या तलमपणाचे भान या परंपरेला नव्हते असे नाही. तिच्याकडे प्रतवारी होती. ती गिरणीची प्रतवारी नव्हती, इतकेच.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. एखाद्या विस्तीर्ण प्रदेशातील मेंढ्यांमध्ये काळा रंग आणि जाड लोकर इतक्या प्रमाणात टिकून राहते, ती केवळ दुर्लक्षामुळे नव्हे. मेंढपाळ कळपासाठी मेंढा राखतो तेव्हा बाकीचे नर विकले तरी जातात किंवा बधिया तरी केले जातात. कोणता नर राखायचा हा निर्णयच निवड आहे. तो नोंदवहीत नसला तरी त्याचा आनुवंशिक परिणाम तोच असतो. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८३ मधील आपल्या निबंधात महाराष्ट्रातील पशुपालक जातींमधील परिसरीय विभागणी दाखवून दिली होती. त्याच विचाराला पुढे नेऊन असे म्हणता येईल की, हटकर मेंढपाळ, लोकर कातणारी स्त्री आणि विणकर यांच्या परस्परावलंबनातून लोकरीचे एक माप तयार झाले होते आणि दख्खनी मेंढीची लोकर ही त्या मापाने केलेल्या दीर्घ निवडीचे फलित आहे.

संकरीकरणाचा अनुभव

स्वातंत्र्यानंतर देशात मेंढीसंशोधनाची संस्थात्मक उभारणी झाली. १९६२ मध्ये राजस्थानात अविकानगर येथे केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था स्थापन झाली. महाराष्ट्रात राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी यांचे नाव धारण करणारे मेंढी व शेळी विकास महामंडळ यांच्याकडे पैदाशीचे काम आले. महामंडळाची रांजणी, महूद, दहिवडी यांसारखी प्रक्षेत्रे दख्खनी मेंढीच्या मूळ प्रदेशातच आहेत. या काळात दख्खनी मेंढीचा मेरिनो व रॅम्बुलेटशी संकर करण्याचे प्रयत्न झाले.

अशा संकरातून प्रक्षेत्रावर लोकरीचे वजन वाढते आणि तंतू बारीक होतो, याविषयी वाद नाही. परंतु मेंढपाळांच्या कळपांत हा संकर रुजला नाही. याचे कारण मेंढपाळाचे अज्ञान किंवा रूढिप्रियता असे सांगणे सोपे आहे. ते पटण्यासारखे नाही. माणदेशातून दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जाणारा आणि पावसाळ्यापूर्वी परतणारा कळप शेकडो किलोमीटर चालतो. अशा मेंढीच्या अंगावर दाट, तलम आणि मेणकट लोकर असेल, तर कुसळी गवताची टोकदार बीजे तिच्यात अडकतात व कातडीपर्यंत पोहोचतात, चिखल धरून राहतो आणि उष्म्याचा त्रास वाढतो. विरळ व केसाळ लोकर ही या परिस्थितीत उणीव नसून संरक्षण आहे. दुसरे असे की, ज्या बाजारात लोकर प्रतवारी न करता सरसकट वजनावर विकली जाते, तेथे तंतू बारीक झाल्याचा लाभ मेंढपाळापर्यंत पोहोचत नाही. तिसरे म्हणजे, ही मध्यम जाडीची, मिश्र रंगाची लोकर गिरणीला अपुरी तलम आणि सणगराला अपुरी जाड ठरते.

येथे संकरीकरण हे तंत्रच सदोष आहे, असा अर्थ घेतला जाऊ नये. काश्मीरच्या थंड हवामानात मेरिनो संकरातून 'काश्मीर मेरिनो' ही जात स्थिरावली. अविकानगर येथे मालपुरा मेंढीचा रॅम्बुलेटशी संकर करून 'अविकालीन' हा प्रकार तयार करण्यात आला, तो गालिच्याच्या लोकरीसाठी. हे उदाहरण आपल्या मुद्द्याच्या दृष्टीने बोलके आहे. गालिच्याला कापडाइतका तलम तंतू नको, त्याला थोडा जाड, लवचीक आणि झिजेला टिकणारा तंतू हवा, हे लक्षात घेऊन तेथे उद्दिष्ट आखले गेले. देशातील लोकरीपैकी सुमारे ८५ टक्के गालिच्याच्या, ५ टक्के वस्त्राच्या आणि १० टक्के जाड कांबळ्यांच्या प्रतीची असल्याचे वस्त्रोद्योग मंत्रालय सांगत आले आहे. गालिचा हे पैदाशीचे माप होऊ शकते, तर घोंगडे का होऊ शकत नाही? याचे उत्तर जीवशास्त्रात मिळत नाही. गालिच्याला निर्यातीचा बाजार आणि संघटित उद्योग होता; घोंगड्यामागे होते ते गावोगाव विखुरलेले सणगर आणि फिरस्ते धनगर.

फलटणचा प्रयोग : वेगळे उद्दिष्ट, वेगळी रीत

फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने, म्हणजेच 'नारी'ने, दख्खनी मेंढीवर केलेले काम या पार्श्वभूमीवर वेगळे उठून दिसते. त्यांनी लोकर नव्हे, तर कोकरांचे उत्पादन हे उद्दिष्ट मानले. दख्खनी मेंढी सामान्यतः एका वेताला एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबन भागातील लहानखुऱ्या गरोल मेंढीत बहुप्रसवतेचे 'फेक-बी' हे जनुक आहे. विशेष असे की, ऑस्ट्रेलियातील बूरूला मेरिनो या प्रसिद्ध कळपात आढळलेले जनुक हेच असून, ते अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून गेलेल्या बंगाली मेंढ्यांतून तेथे पोहोचले असावे, असे मानले जाते. या जनुकातील बदल २००१ मध्ये निश्चित झाल्यावर रक्ताच्या नमुन्यावरून वाहक मेंढी ओळखणे शक्य झाले. फलटणला हे जनुक पुनःपुन्हा दख्खनीशी पश्चसंकर करून आणले गेले. त्यामुळे एक विशिष्ट जनुक आले आणि बाकीचे शरीर बहुतांशी स्थानिक राहिले. पुढे 'नारी सुवर्णा' हा प्रकार याच कामातून पुढे आला.

या प्रयोगाचे पद्धतिशास्त्रीय महत्त्व मोठे आहे. मेंढपाळाला काय परवडते हा प्रश्न येथे आधी विचारला गेला आणि संकराची मात्रा त्यानुसार ठरली. तरीही आपल्या विवेचनाच्या दृष्टीने त्याची मर्यादा नोंदवली पाहिजे. उद्दिष्ट कोकरांचे असल्याने लोकर या प्रयोगाच्या चौकटीबाहेर राहिली. संस्थेने आपले उद्दिष्ट स्पष्टपणे निवडले होते. त्यामुळे हा तिचा दोष म्हणता येणार नाही. परंतु गिरणीच्या मापाकडून मांसाच्या मापाकडे झालेल्या स्थित्यंतराचा तो एक टप्पा आहे, हे मात्र खरे.

आजची निवड आणि दोन सोयीस्कर भूमिका

आज निवडीची दिशा मांसबाजार ठरवतो. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याच्या माडग्याळ गावावरून ओळखली जाणारी मेंढी उंच, लांब पायांची, बाकदार नाकाची, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके असलेली आणि अंगावर लोकर अत्यल्प असणारी आहे. तिची कोकरे जलद वाढतात आणि तिच्या मेंढ्यांना मागणी आहे. असा मेंढा दख्खनी कळपात वापरला, तर पहिल्या पिढीत निम्मे, दुसऱ्या पिढीत ७५ टक्के आणि तिसऱ्या पिढीत ८७.५ टक्के रक्त माडग्याळचे होते. मेंढीचा पिढीकाळ तीन-चार वर्षांचा धरला, तर शतकानुशतकांच्या निवडीतून आलेली लोकर एका दशकात कळपातून जाऊ शकते. तेलंगणातही नेल्लोरसारख्या लोकर नसलेल्या जातींच्या नरांमुळे काळ्या दख्खनी मेंढीचे क्षेत्र आकसले आहे.

या प्रक्रियेविषयी दोन भूमिका घेतल्या जातात आणि दोन्ही सोयीच्या आहेत. पहिली भूमिका अशी की, बाजार सांगेल ते योग्य. लोकरीला भाव नाही, म्हणून लोकर नको. या भूमिकेत आजचा भाव हा कायमचा भाव मानला जातो. पानिपतच्या चिंध्यांपासून बनलेल्या स्वस्त ब्लँकेटांशी घोंगड्याची स्पर्धा झाली, तेव्हा लोकरीची प्रतवारी, संकलन, धुलाई यांची कोणतीही व्यवस्था घोंगड्यामागे उभी नव्हती. अशा असमान स्पर्धेतून ठरलेल्या भावाला वस्तूचे अंगभूत मूल्य समजणे अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही टिकणारे नाही.

दुसरी भूमिका लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांत आढळते. तिच्यानुसार मेंढपाळाने परंपरा जपली पाहिजे. पण ज्याला कातरणीचा खर्च अंगावर पडतो, त्याने बिनलोकरीचा मेंढा निवडला तर तो परंपराद्रोह नव्हे. तो हिशेब आहे. घोंगड्याचे कौतुक करून मेंढपाळाला तोट्यात राहण्याचा उपदेश करणे अनुचित आहे. आपल्या पूर्वजांनी ज्या बुद्धीने काळा मेंढा राखला, त्याच बुद्धीने आजचा मेंढपाळ माडग्याळ मेंढा राखत आहे. बदलले आहे ते माप. निवड करणारी बुद्धी तीच आहे. म्हणून उपाय शोधायचा तर मापात शोधला पाहिजे.

धोरणासाठी काही सूचना

पहिली सूचना निवडीच्या पद्धतीविषयी आहे. हेझल आणि लश यांनी १९४२ मध्ये निवडीच्या तीन पद्धतींची तुलना केली होती. त्यांपैकी एक पद्धत प्रत्येक गुणासाठी किमान पातळी ठरवण्याची आहे. ती निर्देशांकापेक्षा कमी कार्यक्षम असली, तरी बाजारभाव कोसळलेल्या गुणाच्या रक्षणासाठी उपयुक्त आहे. दख्खनी मेंढ्याची निवड वजनावर आणि वाढीवरच करावी. परंतु विशिष्ट दर्जाखालील लोकर असलेला अथवा काळा नसलेला नर राखीव कळपात घेऊ नये. यामुळे वाढीच्या गुणातील प्रगती काहीशी मंदावेल, ती किंमत उघडपणे मान्य करावी आणि तिचा भार मेंढपाळावर न टाकता सार्वजनिक प्रक्षेत्राने उचलावा.

दुसरी सूचना कळपाच्या आकाराविषयी आहे. एक नर आणि २० माद्या यांच्या बंद कळपाचा परिणामकारी आकार सूत्रानुसार ४ गुणिले १ गुणिले २० भागिले २१, म्हणजे चारहूनही कमी भरतो. १० नर आणि २०० माद्यांचा कळप घेतला, तर तो सुमारे ३८ होतो. पिढीगणिक अंतःप्रजनन एक टक्क्यापर्यंत मर्यादित ठेवण्यासाठी हा आकार किमान ५० असावा लागतो. २०१७ पासूनच्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत २० मेंढ्या व एक मेंढा असा गट अनुदानावर देण्याची तरतूद आली. कुटुंबाच्या उपजीविकेसाठी हा गट उपयुक्त आहे. वंशसंवर्धनाचे एकक म्हणून मात्र तो पुरेसा नाही. अशा गटांतील मेंढ्यांची नोंद ठेवून, ठराविक काळाने त्यांची गावोगावी अदलाबदल केली, तर हेच विखुरलेले गट मिळून मोठा कळप ठरू शकतात.

तिसरी सूचना मापनाविषयी आहे. मायक्रॉनमधील जाडी हे एक माप जरूर असावे. पण त्याबरोबर ठराविक वजनाच्या लोकरीपासून सूत किती निघते, पिंजताना गळ किती जाते आणि विणलेला नमुना पाणी किती वेळ धरतो, ही मापेही नोंदवावीत. ही मापे ठरवताना सणगर आणि कातणाऱ्या स्त्रिया यांना परीक्षक म्हणून सहभागी करून घ्यावे. प्रयोगशाळेचे माप आणि मागावरचे माप एकाच नोंदवहीत आले, तरच त्यांचा परस्परसंबंध तपासता येईल.

या कामात महाविद्यालयांना वाटा उचलता येईल. हातकणंगले, शिरोळ, कागल या तालुक्यांत कोणत्या कळपात कोणता मेंढा वापरला जातो, काळ्या मेंढ्यांचे प्रमाण किती, किती माग चालू आहेत, याची साधी नोंद प्राणिशास्त्र व अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यातून करता येईल. लोकरीच्या प्रती, रंगछटा, कातरण आणि वीण यांसाठी मेंढपाळ व सणगर वापरत असलेले शब्द मराठी विभागाने संकलित करावेत. हे शब्द निवडीच्या मापांची नावे आहेत. ते गेले की मापही जाते.

समारोप

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ७ कोटी ४३ लाख मेंढ्या होत्या. त्यांपैकी महाराष्ट्रात सुमारे २७ लाख. संख्येच्या दृष्टीने मेंढी धोक्यात नाही. धोक्यात आहे ती तिच्या अंगावरील एक विशिष्ट लोकर. पण पशुगणना मेंढ्या मोजते, लोकर मोजत नाही. गिरणीच्या मापाने तिला निकृष्ट ठरवले, तरी संकर न रुजल्यामुळे ती टिकली. मांसाचे माप तिला नावेही ठेवत नाही. ते तिला केवळ शून्य भार देते, आणि आनुवंशिकतेच्या गणितात निंदेपेक्षा शून्य अधिक घातक असतो. बाजार पुढे बदलला, नैसर्गिक तंतूंना पुन्हा मागणी आली, तरी गमावलेली जनुके मागणीबरोबर परत येत नाहीत. म्हणून दख्खनी मेंढीच्या पैदाशीचे उद्दिष्ट आखताना काळ्या, जाड लोकरीला भार द्यायचा की नाही, हा निर्णय उघडपणे, चर्चेअंती आणि मेंढपाळ व सणगर यांच्या उपस्थितीत झाला पाहिजे. तो कोणी न घेताच होऊन जाणे, ही आजची खरी अडचण आहे.